किनाऱ्यावरच्या घरगुती निवासात पाहुण्यांची खोली कशी ठेवावी

दापोली, गुहागर किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावर घरगुती निवास चालवणाऱ्यांनी खोली आवरण्याचा क्रम पक्का ठरवून घ्यावा. पाहुणे निघताच खिडक्या उघडाव्यात, चादरी-अभ्रे काढावेत, संडासात सफाईचे द्रावण टाकून ते दहा मिनिटे राहू द्यावे आणि तेवढ्यात पंख्याची पाती पुसून घ्यावीत. धूळ खाली बसत असल्यामुळे लादी सर्वांत शेवटी, आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे येत पुसावी. ॲसिड असलेले द्रावण आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. संडासाचे फडके वेगळ्या रंगाचे असावे.

चादरींचे प्रत्येक खाटेमागे तीन जोड लागतात: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. कोकणातील पावसाळ्यात मात्र चौथा जोड हवाच, कारण चादर दोन-दोन दिवस वाळत नाही आणि ओलसर असताना घडी घातली की कुबट वास धरते. अशा चादरीवर इस्त्री फिरवून, ती थोडा वेळ पंख्याखाली पसरून मगच ठेवावी. सुगंधी फवाऱ्याने हा वास जात नाही, उलट काहीतरी झाकल्याचा संशय येतो.

खोली तयार झाल्यावर स्वतः खाटेवर आडवे होऊन पाहावे. छताच्या कोपऱ्यातील जळमट, डोळ्यांवर येणारा दिवा, झोपल्याजागी हाताला न लागणारे बटण या गोष्टी दारात उभे राहून दिसत नाहीत. न्हाणीघरात शॉवर असला तरी बादली आणि मग ठेवावा, आणि जाळीत अडकलेला केस मोबाइलच्या उजेडात शोधून काढावा, कारण एका केसापायी बाकीची सगळी मेहनत वाया जाते. समुद्रावरून येणाऱ्यांसाठी बाहेर पाय धुण्याचा नळ आणि ओल्या कपड्यांसाठी दोरी असावी. खोलीत वाळू आणि ओल आल्याची तक्रार करत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

मुक्काम चालू असताना विचारूनच आत जावे. उशाजवळचा चष्मा उचलावा लागला, तर काचा वर करून त्याच बाजूला ठेवावा. कचऱ्याच्या डब्याबाहेरचा चिटोराही टाकू नये. पाहुण्याने दुसरी उशी मागितली असेल, तर पुढच्या दिवशी ती न मागता तिथेच राहू द्यावी. दिवे लागण्याआधी खिडक्यांच्या जाळ्या लावाव्यात आणि सकाळचा चहा किती वाजता हवा, हे रात्रीच विचारावे.

राहून गेलेल्या वस्तू तारीख लिहून जपाव्यात. ज्यांच्या नावे खोली होती त्यांनाच कळवावे, मात्र त्यांनी सांगितल्याशिवाय काहीही घरच्या पत्त्यावर पाठवू नये. कोण कोणाबरोबर आले होते, हे सांगण्याचे काम आपले नाही.