वॉटर प्युरिफायर घेताय? टीडीएसच्या बाबतीत या चुका टाळा

प्युरिफायरचा डेमो द्यायला आलेला माणूस दोन ग्लास मागतो. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या आरओचं, म्हणजे बारीक पडद्यातून दाबानं गाळून क्षार काढणाऱ्या मशीनचं. दोन्हींत विजेवर चालणाऱ्या यंत्राच्या सळया बुडवतो. थोड्याच वेळात नळाच्या पाण्यावर तपकिरी-हिरवट साका जमतो, आरओचं पाणी मात्र नितळ राहतं. ‘हे तुमची मुलं पितायत’ असं तो म्हणतो, आणि घरातले घाबरून लगेच मशीन बुक करतात.

या डेमोवर विश्वास ठेवणं ही सगळ्यात मोठी चूक. तो गाळ पाण्यातला नसतोच, तो सळईचा असतो. यंत्रात लोखंडी सळई असते. नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियमचे क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे त्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचं हायड्रॉक्साइड तयार होतं. थोडक्यात, गंज. आरओच्या पाण्यात क्षार फारसे उरलेले नसतात, म्हणून वीज वाहत नाही आणि सळई झिजत नाही. खात्री करायची असेल तर त्याच्यासमोरच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि सळया पुन्हा बुडवायला सांगा. तेही पाणी गढूळ होईल. लोकांना भीती घालून माल खपवायचा हा प्रकार बंद व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी चूक म्हणजे टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) दाखवणाऱ्या मीटरच्या आकड्यावरून पाणी चांगलं की वाईट ते ठरवणं. हा मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते तेवढंच मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. ग्लासभर पाण्यात दोन चमचे साखर विरघळवून बघा, आकडा वाढणार नाही. जंतू, विषाणू, कीटकनाशकं यांचंही तेच. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलियन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. असा जिवाणू पाण्यात असला, तरी टीडीएस मीटर काहीच सांगणार नाही.

भारतीय मानक आयएस 10500 नुसार पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चालतो. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणेचं आणि पुण्याला खडकवासल्याचं धरणाचं पाणी मिळतं, त्यात क्षार मुळातच कमी असतात. तिथे पालिकेच्या नळाला आरओ लावला की एक लिटर पाण्यासाठी साधारण तीन लिटर मोरीत जातं. अशा घरांत साधा फिल्टर आणि यूव्ही (जंतू मारणारे अतिनील किरण), किंवा पाणी खळखळून उकळणं पुरेसं असतं. उकळल्यानं टीडीएस कमी होत नाही म्हणून काही जण उकळणंच सोडून देतात, ते मात्र करू नका. उकळायचं ते जंतू मारायला.

याचा अर्थ आरओ सगळीकडेच वाया आहे असा नाही. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात, जिथे जमिनीतलं पाणीच खारट आहे, त्याची खरी गरज असते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असतं, तिथेही तो उपयोगी पडतो. फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की वर्षानुवर्षं ते पाणी पिणाऱ्यांचे दात आणि हाडं खराब होतात. एवढ्याशा वाढीनं मीटरचा आकडा हलल्याचं कळतही नाही. म्हणून बोअरचं पाणी पीत असाल तर मीटर विकत घेण्याआधी नमुना जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या आणि फ्लोराइड, नायट्रेट, ई. कोलाय (मैल्यातून पाण्यात येणारा जिवाणू) यांची तपासणी मुद्दाम मागा.

आणखी एक. प्युरिफायरमधला कार्बन फिल्टर पाण्यातलं क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे गाळलेल्या पाण्यात पुन्हा जंतू वाढायला काही अडसर राहत नाही. मशीनची टाकी वेळच्या वेळी धुऊन घ्या, पाणी दिवसेंदिवस साठवू नका आणि माठातलं पाणी ओगराळ्यानंच काढा.