डॅक घ्यायचाय? आधी अ‍ॅम्पची मागची बाजू वाचा

डॅक म्हणजे टीव्ही-लॅपटॉपच्या डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग सिग्नल करून अ‍ॅम्पला देणारा खोका. त्याची चर्चा नेहमी चिपपासून सुरू होते. ईएसएस कंपनीची चिप की एकेएमची, नाहीतर चिपऐवजी रेझिस्टरांची आर-टू-आर? खरं तर चिपचा नंबर सगळ्यात शेवटी. घरात जुना इंटिग्रेटेड अ‍ॅम्प, दोन स्पीकर, टीव्ही आणि लॅपटॉप असा नेहमीचा संसार असेल, तर पहिलं काम म्हणजे अ‍ॅम्प भिंतीपासून पुढे ओढायचा आणि मागचे जॅक वाचायचे.

ऑक्स, सीडी किंवा ट्यूनर लिहिलेली आरसीए (लाल-पांढऱ्या गोल जॅकची) जोडी मोकळी असली की झालं. नावं वेगळी असली तरी हे सगळे लाइन इनपुटच. टेपच्या दोन जोड्या असतील तर 'प्ले' लिहिलेली घ्या. 'रेक' हे आउटपुट असतं. 'फोनो'ला मात्र डॅक लावू नका. ते इनपुट टर्नटेबलच्या काही मिलिव्होल्टसाठी असतं आणि डॅक देतो 2 व्होल्ट, त्यामुळे आवाज फाटतो आणि बास भलताच फुगतो. अ‍ॅम्पवर ऑप्टिकल किंवा चौकोनी यूएसबी-बी जॅक दिसला तर डॅक आतच आहे. आधी तोच वापरून बघा, कदाचित खर्चच वाचेल.

आता सोर्स. टीव्हीसाठी ऑप्टिकल इनपुट हवं. जोडल्यावर आवाज आला नाही किंवा नुसती खरखर आली तर डॅक खराब समजून परत पाठवू नका. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'ऑटो' किंवा 'पास-थ्रू'वर असतं आणि टीव्ही डॉल्बी पाठवतो. साध्या स्टिरिओ डॅकला डॉल्बी उलगडता येत नाही, म्हणून तिथे 'पीसीएम' निवडा. ऑप्टिकलवर बऱ्याच टीव्हींचा रिमोट आवाज कमी-जास्त करत नाही. तेवढ्यासाठी सोफ्यावरून उठायचं नसेल तर स्वतःचा रिमोट असलेला किंवा एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधून बाहेर घेणारं इनपुट) असलेला डॅक घ्या.

लॅपटॉपला यूएसबी. यूएसबी ऑडिओ क्लास म्हणजे यूएसबीवरून आवाज पाठवायचं ठरलेलं मानक. क्लास 1 चा डॅक 24 बिट, 96 किलोहर्ट्‌झपर्यंत जातो. त्यापुढे क्लास 2 लागतो. मॅक आणि लिनक्सला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही, विंडोज 10 लाही 2017 च्या अपडेटपासून लागत नाही. सीडी मुळात 16 बिट, 44.1 किलोहर्ट्‌झची, त्यामुळे खोक्यावर छापलेल्या 768 किलोहर्ट्‌झसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

आउटपुटकडे फार कुणी बघत नाही आणि नेमकी तिथेच गोची होते. जुन्या अ‍ॅम्पला पूर्ण ताकदीसाठी 150 ते 200 मिलिव्होल्ट पुरतात. 2 व्होल्ट म्हणजे त्याच्या दहापट, साधारण 20 डीबी जास्त. मग नॉब जेमतेम हलवला तरी घर दणाणतं, आणि नॉबच्या अगदी सुरुवातीच्या भागात डावा-उजवा आवाज सारखा नसतो, त्यामुळे गाणं एका बाजूला कलतं. म्हणून आउटपुट कमी करता येणारा डॅक घ्या आणि तो 10 डीबी खाली ठेवा, किंवा आरसीएमध्ये बसणारे, सिग्नल कमी करणारे अ‍ॅटेन्युएटर लावा. अ‍ॅम्पला एक्सएलआर (तीन पिनांचा जॅक) नसेल तर एक्सएलआरवाल्या डॅकचे जादा पैसे वाया जातात.

लॅपटॉप जोडला आणि स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज यायला लागला, तर चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे अर्थिंगच्या दोन वाटा जोडल्या जाऊन त्यांच्यातून करंट फिरतोय. आधी लॅपटॉप, डॅक आणि अ‍ॅम्प एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरीही राहिला तर यूएसबी आयसोलेटर लावा, तो लॅपटॉप आणि डॅकमधला विजेचा थेट संबंध तोडतो. स्वस्त आयसोलेटर 12 मेगाबिटचेच असतात, त्यांच्यावर क्लास 2 चे काही डॅक 96 वर येऊन थांबतात आणि काही दिसतच नाहीत. ऑप्टिकलमधून वीज जात नाही, म्हणून त्या वायरीतून लूप होतच नाही. अ‍ॅम्पची अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बिघाड झाला की करंट थेट खोक्यावर येतो.

अडॅप्टर वेगळा घेताना व्होल्ट आणि पिनची प्लस-मायनस बाजू डॅकवरच्या छापाशी ताडून बघा. 5 व्होल्टच्या डॅकला राउटरचा 12 व्होल्टचा अडॅप्टर जोडला तर तो जळू शकतो.

एवढं सगळं जुळलं की मग चिप. 16 बिटची स्वतःची मर्यादा सुमारे 98 डीबी. सिनॅड (खरखर आणि विकृतीच्या तुलनेत सिग्नल किती मोठा, तो डीबीतला आकडा) 100 च्या पुढे गेलेले दोन डॅक घरच्या खोलीत, घरच्या अ‍ॅम्पवर ओळखणं जवळपास अशक्य, कारण बऱ्याच अ‍ॅम्पचा स्वतःचा आकडाच त्याहून कमी असतो. तरी तुलना करायचीच असेल तर आवाज सारखा करून करा. थोडा मोठा वाजणारा डॅक नेहमीच 'जास्त मोकळा' वाटतो. 100 हर्ट्‌झचा टोन वाजवा, मल्टिमीटर एसीवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर लावा आणि दोन्ही डॅकचे व्होल्ट 2 टक्क्यांच्या आत आणा. मग कोणता लावलाय हे न सांगता घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी बदलायला सांगा. दहापैकी पाच-सहा वेळाच ओळखता आला, तर स्वस्तातला ठेवा.