वीज गेली की तिच्यामागून काय काय जातं?

मे संपता संपता कागद घेऊन बसा, पण टॉर्च, मेणबत्त्या, काडेपेटी अशी यादी करायची घाई नको. आधी रोजच्या गोष्टी लिहा आणि प्रत्येकीपुढे ती कशाच्या जीवावर चालते ते मांडा. नळाचं पाणी जॅकवेलच्या, म्हणजे नळयोजनेसाठी पाणी उपसायच्या विहिरीच्या, पंपावर, पंप विजेवर. मोबाईलचा टॉवर वीज गेली की काही तास बॅटरीवर, मग डिझेलवर. डिझेल रस्त्याने येणार आणि पेट्रोल पंपाचं मशीन पुन्हा विजेवरच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा दापोली-मंडणगडापर्यंत खांब आडवे झाले आणि त्यांच्यामागोमाग पाणी, फोन, एटीएम सगळंच बसलं. काही वाड्यांत वीज यायला कित्येक आठवडे गेले.

तेव्हा पर्याय निवडताना तो त्याच तारेला लटकलेला नाही ना, एवढं तपासा. दोन कंपन्यांची सिमकार्डं घेतलीत, पण दोन्हींचे अँटेना डोंगरावरच्या एकाच मनोऱ्यावर असतील तर सिम एक काय नि दोन काय. विहिरीवर पंप बसवताना रहाट काढला असेल तर निदान कप्पी, दोर आणि पोहरा तयार ठेवा. रोख पैसे सुट्ट्या नोटांत ठेवा, युपीआयच्या भरवशावर किराणा मिळणार नाही. फ्रीज बंद पडला तरी इन्सुलिन गार राहावं म्हणून ते लागणाऱ्यांनी ओल्या मडक्याची सोय करावी.

जनरेटर असेल तर वायरमनकडून चेंजओव्हर स्विच, म्हणजे बाहेरची लाईन तोडून घर जनरेटरवर घेणारा खटका, आधीच बसवून घ्या. तो न लावता घरच्या वायरिंगला जनरेटर जोडला तर करंट उलटा डीपीतून (ट्रान्सफॉर्मरमधून) लाईनवर जातो आणि खांबावर चढलेल्या माणसाचा जीव जातो. जनरेटर ओटीवर किंवा पडवीतही नको, धूर घरात कोंडतो.

बाहेर पडायच्या वाटाही अशाच तपासा. चिपळूणकरांना वाटायचं, हायवे बंद झाला तर रेल्वे आहेच. पण दोन्ही वाशिष्ठी नदीवरूनच जातात आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात दोन्ही एकदमच बंद पडले. डायलिसिसवाला माणूस घरात असेल तर रेड अलर्ट लागताच त्याला नदीच्या अलीकडे आणायचं की पलीकडे, हे आजच ठरवा.

शेवटचं काम ग्रामपंचायतीत: जॅकवेलची किल्ली कोणाकडे असते आणि तो माणूस पुरात तिथवर पोचेल का, हे विचारून या. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे नंबर भिंतीवर लिहा. फोनमध्ये ठेवलेत तर फोनबरोबरच जातील.