रोज लिहायचंय ना? मग आधी एक छोटा प्रोजेक्ट ठरवा

"आजपासून रोज काहीतरी लिहायचं" हा संकल्प बहुतेकांचा चौथ्या-पाचव्या दिवशीच बारगळतो, आणि मग लोक स्वतःला आळशी ठरवून मोकळे होतात. आळसाचा त्यात फार हात नसतो हो. होतं काय की तुम्ही वही उघडून बसता आणि डोक्यात सुरू होतं, आज काय लिहू, कविता की कथा, की नुसतं दिवसभरात काय झालं ते, आणि ते चांगलं होईल का, कालचं पुढे नेऊ का नवीन काही घेऊ, ह्यात वीस मिनिटं जातात, तेवढ्यात कुणाचातरी फोन येतो आणि संपला विषय. सगळा जीव ठरवण्यातच गेला, लिहायचं राहूनच गेलं.

त्यासाठीच प्रोजेक्ट हवा. प्रोजेक्ट म्हटल्यावर घाबरू नका, काय लिहायचं, केवढं लिहायचं आणि कधी थांबायचं हे तीन निर्णय सुरुवातीला एकदाच घेऊन टाकायचे, बास. मग रोज बसल्यावर फक्त लिहायचं काम उरतं.

आता विषय कसा निवडायचा. माझी एक साधी कसोटी आहे, तुमच्या प्रोजेक्टचं एका ओळीत वर्णन करा आणि बघा की त्यातून उद्यासाठीचा प्रश्न आपोआप तयार होतोय का. "आजीबद्दल लिहिणार" ह्यातून काही निघत नाही, दुसऱ्याच दिवशी गाडी अडकते. "आजीच्या कपाटातली रोज एक वस्तू" म्हटलं की प्रश्न तयारच असतो, आज कुठली वस्तू? किंवा असं घ्या, एका सोसायटीचा रात्रपाळीचा वॉचमन, रोज रात्री गेटवर एक माणूस येतो. पात्र तेच, जागा तीच, वेळ साधारण तीच, तुम्हाला रोज फक्त एवढंच शोधायचंय की आज कोण आलं आणि का. असं एक सूत्र मिळालं की महिनाभर पुरतं. प्रेम, एकटेपणा, आयुष्य असले मोठे विषय घेऊ नका, ते लिहिता लिहिता आपोआप शिरतात आत, त्यांना आमंत्रण लागत नाही.

आणि कृपा करून कादंबरीपासून सुरुवात नको. नॅनोरायमो म्हणून एक उपक्रम 1999 साली अमेरिकेत 21 जणांनी सुरू केला होता, महिन्याभरात 50,000 शब्द लिहायचे, पुढे तो जगभर पसरला (ती संस्था 2025 मध्ये बंद करत असल्याचं जाहीर झालं, पण कल्पना काही कुठे गेली नाही). हिशोब केला तर दिवसाला साधारण 1,667 शब्द होतात. ज्याला लिहायची सवय आहे त्याला एक महिना झपाटून काम करायला मस्त आहे, पण ज्याला सवयच लावायचीय त्याचे तिसऱ्या दिवशी हजारभर शब्द मागे पडले की तो वहीकडे बघायचाच बंद होतो. तुम्ही दिवसाला 100 शब्द घ्या. आणि 30 दिवस. एवढंच.

100 शब्द म्हणजे खूपच कमी वाटतील पण त्यात एक गंमत आहे. इंग्रजीत बरोबर 100 शब्दांच्या गोष्टीला ड्रॅबल म्हणतात आणि तो प्रकार चांगला रुळलेला आहे. मराठीत तर 100 शब्दांत जास्तच मावतं कारण आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, "कपाटामागच्या" हा आपला एकच शब्द. तरीसुद्धा पहिल्या फटक्यात 130-140 होणारच आणि मग कापायला बसावं लागतं, आणि खरं शिक्षण त्या कापण्यातच होतं. उदाहरणार्थ वॉचमनची गोष्ट समजा अशी सुरू झाली, "रात्री अडीच वाजता एक बाई गेटवर आली, ती खूप घाबरलेली होती आणि तिला खूप थंडी वाजत होती." सतरा शब्द गेले आणि दिसलं काहीच नाही. आता हे बघा, "अडीच वाजता गेटवर एक बाई. दोन्ही पायांत वेगवेगळ्या चपला." नऊ शब्द. ती घाईत निघालीय, घाबरलीय, हे सांगायची गरजच उरली नाही, शिवाय घरात काय झालं असेल हा विचार वाचणाऱ्याच्या डोक्यात सुरू झाला तो वेगळाच. "खूप", "अतिशय", "एकदम", "अचानक" हे शब्द आधी उडवा, मग चालत गेला, बसून राहिला, बघत बसला ही जोडक्रियापदं तपासा, निम्मं काम तिथेच होतं.

पण हे कापणं लिहून झाल्यावर, लिहिताना नाही! लिहिताना मागे वळून बघायचंच नाही, ऱ्हस्व-दीर्घ चुकू दे, वाक्य अर्धं राहू दे, पात्राचं नाव आठवलं नाही तर तिथे फुली मारा आणि पुढे जा. ज्यांचं शुद्धलेखन चांगलं असतं ना त्यांना हे सगळ्यात जड जातं असं मला वाटतं, वेलांटी चुकली की त्यांचा हात थांबतोच.

वेळेचं म्हणाल तर "वेळ मिळेल तेव्हा" ही वेळ कधी येत नाही. "सकाळी सात वाजता" हेसुद्धा मला फारसं पटत नाही, कारण सात वाजता तुम्ही काहीतरी वेगळंच करत असता आणि घड्याळाकडे लक्ष जातं तेव्हा साडेसात झालेले असतात. त्यापेक्षा रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या गोष्टीला लिहिणं बांधून टाका. पीटर गॉल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ह्यावर बरंच काम केलंय, "अमुक झालं की मी तमुक करणार" असं आधीच ठरवलेलं असलं की नुसत्या इच्छेपेक्षा गोष्ट पार पडायची शक्यता चांगलीच वाढते. रात्री मोबाईल चार्जिंगला लावला की वही उघडायची, हे मला सगळ्यात सोपं वाटतं, कारण चार्जिंग कुणी विसरत नाही आणि मोबाईलही हातातून सुटलेला असतो.

वही की मोबाईल ह्या वादात मी पडणार नाही, जे हाताशी असेल ते. मोबाईलवर मराठी टाईप करायचा कंटाळा येत असेल तर व्हॉइस टायपिंग करा, गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डवर मराठी बऱ्यापैकी चालतं, विरामचिन्हं मात्र नंतर बसून घालावी लागतात. फाईल एकच ठेवा, रोज नवीन नोट काढलीत तर पंधरा दिवसांनी काहीही सापडत नाही.

लिहून उठायच्या आधी अजून एक काम, खाली उद्यासाठी एक ओळ टाकून ठेवायची. पूर्ण वाक्य पण नको, "उद्या: तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा, किल्ली हरवली, आईला उठवायचं नाहीये" एवढं खूप झालं. दुसऱ्या दिवशी कोरं पान समोर येतच नाही. उद्या वेगळंच काही सुचलं तर ही ओळ खुशाल सोडून द्या, पण ती तिथे असली की बसायची धास्ती वाटत नाही.

मग नोंद. अँथनी ट्रोलप हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार, पोस्टात नोकरी करायचा आणि कामावर जायच्या आधी पहाटे लिहायचा, समोर घड्याळ ठेवून, दर पाव तासाला 250 शब्द. तो वेग आपल्याला नकोच आहे, पण त्याची दुसरी सवय उचलण्यासारखी आहे, तो किती पानं झाली ह्याची रोजनिशी ठेवायचा, म्हणजे रिकामा गेलेला दिवस डोळ्यांसमोर राहायचा. तुम्ही कॅलेंडरवर त्या तारखेला शब्दांचा आकडा लिहा. चांगलं झालं की वाईट ते लिहायचं नाही, फक्त आकडा.

दिवस चुकणार. पाहुणे येतील, ताप येईल, काहीच नाही तर नुसता मूड नसेल. लंडनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा सवयींवरचा एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला होता, 96 जणांवर 12 आठवडे केलेला. त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले, पण माणसामाणसांतला फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता (84 दिवसांच्या अभ्यासात 254 कुठून आले म्हणाल, तर तो आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे). तेव्हा 21 दिवसांत सवय लागते वगैरे जे फॉरवर्ड होत असतं ते सोडून द्या. आपल्या कामाची गोष्ट म्हणजे मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही असं त्यात दिसलं. म्हणून चुकला दिवस की तो सोडायचा, काल राहिलं म्हणून आज 200 असली वसुली करायची नाही, उधारी एकदा साठायला लागली की फेडवत नाही. अगदीच वाईट दिवसासाठी एक वाक्य हा कोटा ठेवा, वॉचमन आज गेटवर एकटाच होता, कुणी आलं नाही, झालं.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी शेवटी कंटाळा येतोच येतो, तेव्हा प्रोजेक्ट बदलायची जाम हुक्की येते आणि दुसरी कल्पना फार भारी वाटायला लागते. ती कल्पना मागच्या पानावर लिहून ठेवा आणि चालू प्रोजेक्टमध्येच एखादी अट घाला. आज फक्त संवाद. आज एकही विशेषण नाही. आज गोष्ट वॉचमनची नाही तर गेटवर आलेल्याची, त्याला वॉचमन कसा दिसतो? रेमाँ कनो ह्या फ्रेंच लेखकाने 1947 साली बसमध्ये घडलेला एक अगदी फालतू किस्सा 99 वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहून पुस्तक केलं होतं, तेव्हा आपला विषय दोन आठवड्यांत आटला असं म्हणायला जागा नाही.

ह्या 30 दिवसांत शक्यतो कुणाला दाखवू नका. "छान आहे" म्हणणारे आणि "पण मला कळलं नाही" म्हणणारे, दोघांमुळेही दुसऱ्या दिवशीचं लिखाण बिघडतं. अगदीच राहवत नसेल तर एकाच माणसाला द्या आणि कसं वाटलं विचारण्याऐवजी कुठे कंटाळा आला ते विचारा, त्याला उत्तर देता येतं.

महिना संपला की तुमच्याकडे साधारण 3,000 शब्द असतील. लगेच वाचायला बसू नका, आठ-दहा दिवस बाजूला ठेवा आणि मग पेन घेऊन मोठ्याने वाचा. एकच हावभाव दहा ठिकाणी सापडेल, सगळी माणसं उसासा टाकत असतील किंवा सगळ्या गोष्टी कुणीतरी वळून बघण्यावर संपत असतील, त्यांना खुणा करा, त्या पुढच्या वेळी बंदी घालायच्या यादीत गेल्या. पाच-सहा तुकडे बरे निघतील, ते वेगळ्या फाईलमध्ये उतरवून घ्या. आणि पुढचा प्रोजेक्ट ठरवताना एकच गोष्ट बदला, वॉचमन तोच ठेवून 200 शब्द करा किंवा 100 शब्द तेच ठेवून मागच्या पानावरची ती भारी कल्पना घ्या, दोन्ही एकदम नको.