नाशिकात खिडक्या पुसायचं काम: एरिया बघून पैसे कसे वसूल करायचे

काम शिकायला पंधरा दिवस लागतात. वायपर तिरका कसा धरायचा, पाणी वरून खाली कसं ओढायचं, ट्रॅकमधली माती आधी ब्रशनं काढायची आणि मग काच, हे कुणीही शिकवतं. पैसे वेळेवर कसे घ्यायचे हे मला कुणी शिकवलं नाही, ते कळायला तीन दिवाळ्या गेल्या, म्हणून लिहितोय. हल्ली नवीन पोरं बरीच दिसतात ह्या कामात, एक टू-व्हीलर, एक बादली, घडीची शिडी आणि व्हॉट्सअपचं स्टेटस एवढ्यावर धंदा चालू होतो आणि उधारीनं दोन महिन्यात बंद पण पडतो.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा. ज्यानं फोन करून बोलावलं तो वेगळा असतो आणि ज्याच्या खिशातून पैसे निघणार तो वेगळा, आणि आपली उधारी अडकते ती बरोबर ह्या दोघांच्या मध्ये. त्यामुळे बादली भरायच्या आधी दोन गोष्टी कळल्याच पाहिजेत, पैसे कोण देणार आणि कधी देणार. काच एकदा चमकली की आपली गरज संपली, मग "संध्याकाळी पाठवते हं" चालू होतं. आता हे तोंडावर विचारलं तर माणसाला राग येतो हेही खरंय. मी असं विचारतो, "काकू, झाल्यावर ऑनलाइन करणार का रोख? स्कॅनर आणलाय मी." काकू म्हणाल्या "ऑनलाइन, पण ते हे करतील", की समजायचं, पैसे 'ह्यां'च्याकडे आहेत. मग लगेच, "मग साहेबांचा नंबर द्या ना, रेट टाकून ठेवतो त्यांना." बस, एवढंच. साहेबांचा 'ओके' आला की मग पाणी मागायचं.

इंदिरानगर, सिडको, पाथर्डी फाटा ह्या भागात घरगुती काम भरपूर. बोलावते सून, तपासतात सासूबाई आणि पैसे असतात मुलाकडे, तो अंबडच्या कंपनीत सेकंड शिफ्टला. सिडकोत घरं वाढवून वाढवून तीन मजली झालीत, खाली मालक आणि वर भाडेकरू, मग वरच्या मजल्याच्या काचांचे पैसे कोणी द्यायचे यावर जिन्यातच वाद, आणि आपण मध्ये बादली घेऊन उभे. मजल्याप्रमाणे वेगळा रेट, वेगळा मेसेज, त्यात लाजायचं नाही.

इथला खरा पैसे कापायचा मुद्दा म्हणजे पांढरे डाग. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असलेल्या बिल्डिंगमध्ये काचेवर क्षार बसतात, विशेषतः बाथरूमची खिडकी आणि बाल्कनीचं स्लायडिंग, जिथं कुंड्यांना पाणी घालताना शिंतोडे उडतात तिथं खालचा वीतभर पट्टा पांढराच. एका घरी मी तीन तास घासून सहा खिडक्या केल्या, जाळ्या काढून धुतल्या, ट्रॅक टूथब्रशनं साफ केले. काकू आल्या, चष्मा वर केला, काच उन्हात तिरकी धरून बघितली आणि मच्छरजाळीच्या कडेला, जिथं रबर असतं ना, तिथं बोट फिरवून म्हणाल्या, "हे राहिलंच की दादा." ते राहिलेलं नव्हतं, काचेत खाल्लेलं होतं, ते कुणाच्या बापाला निघणार नाही. पण आता सांगून काय उपयोग, मी आधी बोललो नव्हतो. आठशे ठरले होते, सहाशे मिळाले, वर चहा.

तेव्हापासून मी सुरुवातीला सगळ्यात खराब काच निवडतो आणि तिचा फक्त एक कोपरा करून दाखवतो. पांढरं व्हिनेगर पाण्यात टाकून, पाच मिनिटं ओलं ठेवून, मऊ स्पंजनं. जेवढं निघालं तेवढंच सगळीकडे निघणार, बघून घ्या, चालेल का? चालेल म्हटलं की फोटो, आणि त्याच चॅटवर एक ओळ: 'जुने क्षाराचे डाग पूर्ण जातील याची गॅरंटी नाही.' सहा महिन्यात एकदाही पैसे कापले गेले नाहीत मग. आणि टाइल्स धुवायचं ॲसिड काचेला लावायच्या फंदात पडू नका, ॲल्युमिनियमची फ्रेम काळी पडते आणि मग फ्रेमचे पैसे आपल्याकडूनच मागतात.

कॉलेज रोड, गंगापूर रोडला रेट चांगला मिळतो असं सगळे म्हणतात, मिळतो पण, फ्लॅटवाले लगेच स्कॅन करतात, कटकट नाही. अडचण होते ती बिल्डिंगच्या कॉमन कामाला. लॉबीची मोठी काच, जिन्याच्या खिडक्या, डक्टकडच्या काचा. बोलावतो सेक्रेटरी, 'करून टाक रे' म्हणतो चेअरमन, आणि चेक देतो खजिनदार, चेकवर दोन सह्या लागतात, त्यातला एक सहीवाला मुलीकडे पुण्याला गेलेला असतो. नाशिकात बऱ्याच बिल्डिंग सोसायटी नसून अपार्टमेंट म्हणून रजिस्टर आहेत, काही नवीन ठिकाणी तर मेंटेनन्स अजून बिल्डरच्याच हातात असतो, म्हणून पहिलाच प्रश्न, "बिल कोणाच्या नावानं काढू?" ह्या एका प्रश्नात कळतं बिल्डिंगच्या नावानं बँकेत खातं आहे का नाही ते. उत्तर देताना समोरचा अडखळला तर निम्मे आधी घ्या. मी स्वतः एका बिल्डिंगचे ४,२०० रुपये अडकवून बसलो होतो, त्याचं पुढं सांगतो.

बिल साधं असलं तरी चालतं, डुप्लिकेट बुकातलं, पण त्यावर तारीख, किती काचा, कोणत्या मजल्याच्या आणि कुणी सांगितलं त्याचं नाव हवं. कार्बन कॉपीवर घेणाऱ्याची सही घ्या. वॉचमनची असली तरी घ्या, नंतर कामाला येते.

मेन रोड, सराफ बाजार, रविवार कारंजा, इथलं गणित पूर्ण वेगळं. इथं मालक समोर गल्ल्यावर बसलेला असतो, म्हणजे बोलावणारा आणि पैसे देणारा एकच, तरी पण नवीन माणूस फसतो कारण त्याला वेळ कळत नाही. सकाळी दुकान उघडताना काच पुसून झाली आणि लगेच हात पुढे केला की शेठचं तोंड वाकडं, "अजून भवानी पण नाही झाली रे." पहिलं गिऱ्हाईक व्हायच्या आधी गल्ल्यातून पैसा बाहेर जात नाही. बरं, संध्याकाळी जावं तर दिवेलागणीनंतर लक्ष्मी बाहेर काढत नाहीत. म्हणजे आपली वेळ दुपारची, बारा ते पाच. हा काय अडाणीपणा म्हणून वाद घालणारे पण बघितलेत मी, त्यांचं गिऱ्हाईक गेलं एवढंच. शेठलोक चुकत नाहीत, फक्त त्यांच्या वेळेत जायचं. मी सकाळी पुसून पुढं जातो आणि दर शनिवारी दुपारी एकच चक्कर मारतो वसुलीला, सायकल लावायलाही जागा नसते तिथं, गाडी लांब लावून पायी.

दुकानांना महिन्याचा हिशोब असेल तर पेपरवाल्यासारखं कार्ड करा. एक कार्ड दुकानात, एक आपल्याकडे, पुसलं की दोन्हीवर टिक. नोकर म्हणतो "गेल्या आठवड्यात आलाच नव्हता हा", तेव्हा कार्ड बोलतं, आपल्याला बोलावं लागत नाही.

गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठाला, आणि पंचवटीकडे लॉज आणि हॉटेलं. इथं बोलावतो मॅनेजर आणि मॅनेजर टिकत नाही. दोन महिन्यांनी नवीन आलेला म्हणतो मला काही माहीत नाही. त्यामुळे मालकाचा नंबर पाहिजेच आणि इथं महिन्याची उधारी नको, आठवड्याला हिशोब. २०२७ च्या सिंहस्थाची कामं निघतायत, रस्ते खोदलेत, धूळ आहे, काचा रोज घाण होणार, काम मिळणार हे नक्की. पण ह्या घाईत मधला ठेकेदार येतो, 'पन्नास खोल्या आहेत, पेमेंट एकदम शेवटी' म्हणतो. ठेकेदाराकडून मजल्या-मजल्याला घ्या, पहिल्या मजल्याचे पैसे आले की दुसऱ्या मजल्यावर बादली.

सातपूर आणि अंबडच्या कंपन्या, हा विषय थोडा कागदी आहे पण इथंच मोठं काम असतं. बोलावतो ॲडमिनवाला, पैसे देतं अकाउंट्स, आणि अकाउंट्सला तुमचं तोंड माहीत नाही, त्यांना पीओ नंबर माहीत, म्हणजे परचेस ऑर्डरचा, कंपनीनं दिलेल्या लेखी ऑर्डरचा नंबर. पीओ हातात नसेल तर गेटच्या आत जाऊच नका, साहेब कितीही गोड बोलले तरी. काम झालं की बिल ॲडमिनच्या टेबलावर ठेवून यायचं नाही, दुसऱ्या कॉपीवर इनवर्डचा, म्हणजे बिल मिळाल्याचा, शिक्का आणि तारीख घ्यायची. बिलाचे दिवस त्या शिक्क्यापासून मोजतात, आपल्या आठवणीपासून नाही.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करून ठेवा, सरकारी पोर्टलवर फुकट होतं, एजंटला पैसे द्यायची गरज नाही, आधार आणि पॅन लागतं. त्याचा फायदा असा की २००६ चा एमएसएमई कायदा आपल्याला लागू होतो. लेखी ठरलं असेल तरी ४५ दिवसांच्या वर पेमेंट लांबवता येत नाही, काहीच लेखी नसेल तर १५ दिवस, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. तक्रार एमएसएमईच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. मी अजून तक्रार केलेली नाही, खरं सांगायचं तर बिलावर उद्यम नंबर छापला तेव्हापासूनच फोन उचलायला लागले. कंपनीनं बिलातून टीडीएस, म्हणजे आगाऊ इन्कम टॅक्स, एक टक्का कापला तर घाबरू नका, चोरी नाहीये ती, पॅन दिलेला असला की रिटर्न भरून परत मागता येतो. पॅन नाही दिला तर मात्र २० टक्के कापतात.

देवळाली कॅम्पला जुने बंगले, मालक मुंबईला, वर्षातून दोनदा येणार. बोलावतो केअरटेकर. तो बिचारा स्वतःच्याच पगाराची वाट बघत बसलेला, आपले कुठून देणार. इथं मालकाशी थेट फोनवर बोला, निम्मे आधी यूपीआयनं, काम झाल्यावर प्रत्येक खोलीचा व्हिडिओ आणि तिथून निघायच्या आधीच उरलेले. गंगापूर डॅमकडच्या व्हिलांचं पण हेच. नाशिक रोडला, जेल रोडला नोटांच्या प्रेसमधले आणि रेल्वेतले, रिटायर्ड पण खूप, माझा अनुभव एकदम सरळ, फक्त महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर जाऊ नका, पगार-पेन्शन झाल्यावर पहिल्या आठवड्यात जा.

यूपीआयचं थोडक्यात. 'पाठवले बघ' म्हणून स्क्रीनशॉट दाखवला की थांबायचं, बँकेचा मेसेज किंवा ॲपमध्ये बॅलन्स बघितल्याशिवाय शिडी घडी करायची नाही. आणि पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही, पिन टाक म्हणाला की तो चोर. चेक घेतला तर तीन महिन्यांच्या आत भरा. बाऊन्स झाला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसात लेखी नोटीस, मग त्याला १५ दिवस, तरी नाही दिले तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात तक्रार. ह्या तारखा हुकल्या की भानगड वाढते.

दिवाळीचं सांगायचंच राहिलं. घट बसायच्या आधी आणि दिवाळीच्या आधी जे काम येतं ते वर्षाच्या निम्म्याला भारी, पण सगळी वसुली धनत्रयोदशीच्या आत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कुणीही पैसे बाहेर देत नाही, आणि पाडवा-भाऊबीज म्हणजे सगळे गावाला. मी पहिल्या वर्षी अकरा घरांची उधारी घेऊन लक्ष्मीपूजनाला बसलो होतो, घरी फटाके पण उधारीवर.

तर ते ४,२००. कमिटी बदलली, जुना सेक्रेटरी म्हणाला नवीनला विचार, नवीन म्हणाला आमच्या काळातलं नाही. मी भांडलो नाही, दर महिन्याच्या पाच तारखेला एकच मेसेज, बिलाचा फोटो आणि 'नमस्कार साहेब, बाकी ४,२००.' सात महिने. मग गणपतीच्या आधी त्याच बिल्डिंगमधून नवीन खजिनदारांचा फोन, लॉबीच्या काचा करायच्यात, रेट सांगा. म्हटलं रेट तोच आहे साहेब, फक्त मागचं आधी क्लिअर करा, कार्बन कॉपीवर तुमच्याच वॉचमनची सही आहे. त्यांनी वॉचमनला बोलावलं, तो म्हणाला हो, माझीच. २,२०० त्याच दिवशी आले. उरलेले दोन हजार चेकनं देतो म्हणालेत, दुसऱ्या सहीवाले पुण्याहून आले की. लॉबीची काच अजून तशीच आहे.