ज्यांनी शिकवलं त्यांना गुरुपौर्णिमेचं पत्र कसं लिहावं

पत्राला वटपौर्णिमेलाच हात घाला. तिथून गुरुपौर्णिमेपर्यंत महिनाभर मिळतो, आणि एक पान मनासारखं उतरायला तेवढा लागतोच. आषाढी एकादशीच्या आधीच्या आठवड्यात पत्र पेटीत पडलं, तर पाऊस आणि सुट्ट्या धरूनही वेळेत पोचतं.

पत्र कुणाला लिहायचं हे ठरवताना फक्त शाळेतल्या बाईंवर आणि सरांवर थांबू नका. दत्तगुरूंनी चोवीस गुरू केले. भागवताच्या अकराव्या स्कंधातल्या त्या यादीत पृथ्वी आहे, अजगर आहे, पिंगला नावाची गणिका आहे आणि बाण घडवणारा एक कारागीरही आहे. कारागिराच्या शेजारून राजाची स्वारी गेली, तरी त्याला पत्ता लागला नाही. त्याच्याकडून घेतली ती एकाग्रता. प्रत्येक गुरूसमोर काय शिकलो ते असं नेमकं सांगितलं आहे.

तशीच यादी तुम्ही करा. डावीकडे माणूस, उजवीकडे शिकवण. उजवीकडे ‘जिद्द’, ‘संस्कार’ असले शब्द आले की खोडून टाका आणि तो माणूस त्या वेळी काय करत होता, काय म्हणाला, ते लिहा. ज्या नावासमोर असा प्रसंग आठवेल, त्याला यंदा पत्र. बाकीचे पुढच्या वर्षी. एका वर्षात दहा पत्रं काढायला गेलात तर दहाही सारखीच होतात, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

मायना नीट घाला. ‘तीर्थरूप’ आपल्या आईवडिलांसाठी. त्यांच्या जागी असलेल्या वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’. शिक्षकांना ‘गुरुवर्य’ चालतं, पण ज्यांना तुम्ही काकू म्हणून हाक मारता त्यांना काकूच लिहा. पुढे ‘सा. न. वि. वि.’, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मजकूर दीडशे ते दोनशे शब्दांचा पुरे. आधी तुमची ओळख: शाळेतलं किंवा माहेरचं नाव, साल, गल्ली. वय झालेल्या माणसाला शंभर चेहऱ्यांतून तुम्हाला शोधायचं असतं. मग तो एक प्रसंग, आणि ती शिकवण आज कुठे उपयोगी पडते ते. किराणा दुकानातल्या काकांना लिहायचं असेल तर असं:

‘काका, सुट्टीत तुम्ही मला गल्ल्यावर बसवलं होतंत. सुटे पैसे गिऱ्हाइकाच्या तळहातावर मोजून ठेव, म्हणजे त्याला संशय घ्यावा लागत नाही, असं सांगितलंत. आज मी पतसंस्थेत रोखपाल आहे. अजून प्रत्येक नोट समोरच्याला दिसेल अशीच मोजते.’

हे वाचून काकांना आपलं दुकान, ती दुपार, सगळं आठवेल. ‘आपल्यामुळेच मी घडले’ या वाक्यात त्यांना धरायला काहीच नाही.

पत्र बिघडतं ते बहुधा दुसऱ्या परिच्छेदात. तिथे आपली बढती, फ्लॅट, मुलांचे मार्क सुरू होतात आणि ज्यांच्यासाठी लिहायला बसलो ते बाजूला पडतात. स्वतःबद्दल तीनच ओळी ठेवा. कामाची शिफारस, लग्नाचं आमंत्रण या पत्रात घालू नका. आभार मग निमित्तासारखे वाटतात. कुणी छडी मारून शिकवलं असेल, तर त्या माराचे आभार मानायची गरज नाही. शिकवलेलं तेवढं लिहा.

अक्षर मोठं, शाई गडद, एक ओळ सोडून. आंतर्देशीय पत्रात आत काही घालता येत नाही, म्हणून जुना फोटो पाठवायचा असेल तर पाकीट घ्या. साध्या टपालाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. ए-फोर कागद साधारण ५ ग्रॅम भरतो, म्हणजे दोन पानं आणि फोटो सहज बसतात. पिनकोड ताडून पाहा. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेली ही सहा आकडी पद्धत आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखली; सारख्या नावाची गावं तिच्यामुळेच वेगळी ओळखता येतात.

त्यांना वाचता येत नसेल किंवा नजर गेली असेल, तर तोच कागद घेऊन जा आणि शेजारी बसून वाचून दाखवा. ते हयात नसतील, तर पत्र त्यांच्या मुलांना पाठवा. घरातल्यांना आपल्या माणसाचं बाहेरचं हे रूप कित्येकदा ठाऊकच नसतं.

शेवटी ‘कळावे, लोभ असावा’, सही आणि फोन नंबर. आठ दिवसांत काही कळलं नाही, तर तुम्हीच फोन करा. पत्र कसं वाटलं हे विचारू नका. तब्येत विचारा आणि त्यांना बोलू द्या.