विमानतळाजवळच्या हॉटेलातून बॅलार्ड पिअरला : माझा अनुभव

सोलापूरहून रेल्वेने आलेले आम्ही आणि बेंगळुरूहून विमानाने येणारे मेहुणे, असे १४ जण मुंबई विमानतळाजवळच्या एकाच हॉटेलात उतरणार होतो. दुसऱ्या दिवशी क्रूझसाठी सर्वांना बॅलार्ड पिअरला एकत्र पोहोचवण्याची जबाबदारी माझ्यावर होती. हॉटेलने सुचवलेल्या चार टॅक्सींची कल्पना मला पटली नाही. एक जरी गाडी वाहतुकीत अडकली, तरी बाकीच्यांना बंदराच्या दाराशी ताटकळावे लागले असते.

म्हणून सोलापूरच्याच ओळखीच्या ट्रॅव्हल्सवाल्यांमार्फत मुंबईतली १७ आसनी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. खरी अडचण सामानाची निघाली. अशा गाडीला डिकी नावापुरतीच असते, आणि आमच्या मावशींनी शेंगाचटणी व कडक भाकरी यांचीच एक वेगळी पिशवी केली होती (जहाजावर बाहेरचे खाद्यपदार्थ सहसा नेऊ देत नाहीत, हे त्यांना पटवणे गाडी ठरवण्यापेक्षा अवघड गेले). अखेर मोठ्या बॅगा एका स्वतंत्र इनोव्हात घातल्या, प्रत्येकीवर नाव व मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आणि सोबत भाच्याला बसवले. कागदपत्रे व औषधे मात्र ज्याची त्याच्या हातातच ठेवली.

चालकाला सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याने पूर्व मुक्तमार्गावर जायला सांगितले, कारण तो पी. डि'मेलो मार्गावर, म्हणजे बंदराच्या अगदी जवळ उतरतो. दादर-परळची गर्दी त्यामुळे टळली आणि दोन्ही गाड्या पाठोपाठ पोहोचल्या.